तपासावा आणि तपासला

मुकादमबाई भांडायलाच आल्या होत्या. दार उघडल्यावर ‘आत या’ म्हणायचीही त्यांनी वाट पाहिली नाही. एक हात चौकटीवर, दुसऱ्या हातात गुंडाळी केलेला कागद, आणि कामावरून काढून टाकलं असूनही अंगात कामावरचाच निळा कोट.

“बाई, मी तुम्हाला काय सांगितलं होतं आणि तुम्ही काय लिहिलंत?”

दुभाषीण चष्मा शोधता शोधता थबकली. असं तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. कोर्टात, दवाखान्यात, कारखान्यांच्या चौकशांत ती वर्षानुवर्षं एकाचं बोलणं दुसऱ्याच्या भाषेत नेऊन पोचवत होती. वाटेत एक थेंब सांडू द्यायचा नाही, हा तिचा बाणा. लोक तिला दुभाषीबाई म्हणायचे, नाव फारसं कुणाला माहीतच नव्हतं, आणि तिला त्याचं वाईट वाटण्याऐवजी बरंच वाटायचं.

“बसा तर खरं.”

“बसायला नाही आले मी. ध चा मा केलात तुम्ही! त्या धुलाईत माझे केस पिकले. आणि आज त्या पोरीचा बाप मला गल्लीत बघून थुंकतो. म्हणतो, हिनेच पोरीचा हात भाजला.”

दुभाषिणीला प्रकरण ठाऊक होतं, कारण चौकशीत मुकादमबाईंचा जबाब तिनेच इंग्रजीत उतरवला होता. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणारा तो मोठा कारखाना. धुतलेल्या चादरी वाफेवर तापणाऱ्या लांबलचक रोलरमधून जायच्या. एका टोकाला दोघीजणी चादर आत सारायच्या, दुसऱ्या टोकाला दोघी तिची घडी घालायच्या. या सगळ्यांवर मुकादमबाई. वाफ फार झाली की ती बाहेर सोडणारा एक व्हॉल्व्ह असतो. तो बरेच दिवस नुसताच फुसफुसत होता. एका सकाळी मुकादमबाईंनी पाळीच्या इंजिनिअरला सगळ्यांसमोर अडवलं, आधी व्हॉल्व्ह तपासा मगच मशीन लावा, म्हणून. तो म्हणाला, दवाखान्याचा माल अडलाय, संध्याकाळी बघू. त्या हटेनात. मग कुणीतरी कोठारात साबणाच्या पिंपांचा घोळ झालाय म्हणून त्यांना बोलावून नेलं, आणि त्यांची पाठ फिरताच मशीन सुरू झालं. दुपारी वाफेच्या नळीचा सांधा फुटला. घडी घालणाऱ्या एका पोरीचा हात मनगटापासून कोपरापर्यंत वाफेने सोलून निघाला.

कंपनीचं मुख्य कार्यालय परदेशात, म्हणून चौकशीचे कागद इंग्रजीत. आणि निकाल काय? इंजिनिअर निर्दोष, मुकादमबाई बडतर्फ. चोर सोडून संन्याशाला फाशी.

“आमच्या शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी आहे,” मुकादमबाई म्हणाल्या, “तिने हे वाचून दाखवलं. म्हणाली, मावशी, यात लिहिलंय की व्हॉल्व्ह तपासलाय असं तुम्हीच ठासून सांगितलंत. तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून इंजिनिअरने मशीन लावलं. मी म्हटलं, पुन्हा वाच. तिने पुन्हा वाचलं. पुन्हा तेच.”

दुभाषिणीने कागद उलगडला. तिने उतरवलेल्या जबाबातलं म्हणून एक वाक्य निकालात उचललेलं होतं. ‘शी इन्सिस्टेड दॅट द व्हॉल्व्ह वॉज चेक्ड.’

तिने ते दोनदा वाचलं. मग आतल्या कपाटातून आपली प्रत काढून आणली आणि दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

“मी ‘बी’ लिहिलं होतं. हे बघा. ‘बी चेक्ड’. इथे कुणीतरी ‘वॉज’ केलंय.”

“बी की मी, मला काय कळतंय त्यातलं?” मुकादमबाईंचा आवाज अजून चढलेलाच होता. “तुम्हीच सांगा, त्याने काय बिघडलं.”

“सगळंच बिघडलं. ‘बी’ म्हणजे, व्हॉल्व्ह तपासावा असा तुम्ही हट्ट धरलात. ‘वॉज’ म्हणजे, व्हॉल्व्ह तपासला आहे असं तुम्ही छातीठोकपणे सांगितलंत.”

मुकादमबाई आता कुठे खुर्चीवर टेकल्या. “तपासावा,” त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने, “तपासला.” तोंडात खडा आल्यावर माणूस जसा जिभेने चाचपतो तसे ते दोन शब्द त्यांनी घोळवून पाहिले. “म्हणजे मी जे करा म्हणून बोंबलत होते, ते झालंय असं मीच सांगितलं? एका अक्षरात?”

“हो.”

“कुणी केलं?”

ते दुभाषिणीला माहीत नव्हतं. पण हे कागद कुणाच्या टेबलावरून वर जातात, ते तिला चांगलं माहीत होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती तिथेच.

कारखान्याच्या कायदा विभागात तिचा भाचाच होता. धाकट्या बहिणीचा मुलगा, एकुलता एक. लहानपणी शाळेच्या सुट्ट्या त्याने मावशीकडेच काढलेल्या. ती स्वयंपाक करता करता त्याला इंग्रजी शिकवायची आणि तो ओट्याखाली फतकल मारून ‘ही गोज, शी गोज, इट गोज’ घोकायचा. नोकरी लागली तेव्हा पहिला फोन त्याने आईच्याही आधी मावशीला केला होता.

तिला ऑफिसच्या दारात पाहून तो खुशीत उठला. “मावशी! तू आणि इकडे? चहा सांगू का?”

“चहा राहू दे. हे आधी सांग.” तिने दोन्ही कागद त्याच्यासमोर ठेवले आणि ‘वॉज’वर बोट ठेवलं.

त्याने पाहिलं, हसला, उठून दार लोटलं आणि आवाज खाली आणला. “अगं, हे तुला कळू द्यायचंच नव्हतं मला. चूक झाली होती तुझी. ‘द व्हॉल्व्ह बी’! कॉम्प्युटरने खाली निळी रेघ मारली. म्हटलं, हेड ऑफिसच्या लोकांनी पाहिलं तर म्हणतील, कसली ही दुभाषी. तुझी अब्रू जाऊ नये म्हणून गुपचूप दुरुस्त केलं. कुणालाही बोललो नाही, शपथ.”

एखाद्याच्या थोबाडीत द्यायला हात उगारावा आणि त्याने तोच हात प्रेमाने हातात घ्यावा, तसं तिचं झालं. पण क्षणभरच.

“माझी चूक,” ती म्हणाली. “निळी रेघ. त्या यंत्राला रेघ मारताना मला विचारावंसं वाटलं नाही, ते एक ठीक. तुला फोन होता ना?”

“एवढ्याशा शब्दासाठी...”

“एवढासा? अरे, हे-शी-इटला एस लावायचा आणि मागचं असेल तर वॉज ठोकायचा, एवढंच इंग्रजी आहे का? एखादी गोष्ट झालेलीच नसते, ती व्हावी असं नुसतं कुणीतरी मागत असतं, बजावत असतं, तेव्हा इंग्रजी क्रियापद अंगावरचं सगळं उतरवून ठेवतं. एस नाही, ईडी नाही, वॉज नाही. नुसतं बी. ‘आय सजेस्ट दॅट ही गो.’ गोज नाही, गो! कारण तो गेलेलाच नाहीये. हे शिकवलं होतं तुला.”

“मला नाही आठवत.”

“कसं आठवेल? तेव्हा तू मागच्या दाराने खेळायला पळाला होतास. ‘इफ आय वर यू’ तरी आठवतं का?”

भाचा चाचरला. “ते... तेही मी वॉज करतो नेहमी. चुकीचं वाटतं म्हणून.”

एरवी दुभाषीण हसली असती. आज ती टेबलावर दोन्ही हात टेकून पुढे वाकली. “तुझ्या दुरुस्तीने एका बाईची नोकरी गेली. तिने धोका ओरडून सांगितला आणि तू तिच्या तोंडी ‘सगळं ठीक आहे’ घातलंस. तिच्या गल्लीत लोक तिच्या नावाने थुंकतायत.”

आता कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. आधी कान लाल झाले, मग चेहरा पांढरा. तो पुन्हा पुन्हा दोन्ही वाक्यं वाचत राहिला.

“रिपोर्ट वर गेलाय, मावशी. मॅनेजरसाहेबांची सही झालीय. इंजिनिअर सुटला म्हणून ते खूश आहेत. तो व्हॉल्व्ह बदलायचा खर्च त्यांनीच पुढे ढकलला होता.”

“मग खाली आण. जसा गेला तसा येईल.”

“बघतो मी.”

‘बघतो’ हे आपल्या भाषेतलं सगळ्यांत निसरडं क्रियापद. त्यावर पाय ठेवला की माणूस कुठल्या कुठे घसरत जातो. दुभाषिणीने आठवडाभर वाट पाहिली. भाच्याचा फोन नाही. तिने केला तर उचलला नाही. मग एका दुपारी बहिणीचा आला.

“ताई, हे काय ऐकतेय मी? पोराच्या मागे लागलीयस म्हणे तू.”

“त्याने तुला सांगितलं?”

“जेवत नाहीये नीट. विचारलं तेव्हा बोलला. ताई, नोकरी जाईल गं त्याची. नुकताच कुठे मार्गाला लागलाय. एका शब्दासाठी तू आपल्याच पोराच्या पायावर धोंडा टाकणार? ती धुलाईवाली तुला आपल्या माणसापेक्षा जवळची झाली?”

“शब्द माझा असता तर दिला असता सोडून. तो तिचा आहे. मी फक्त वाहून नेला, आणि तुझ्या लेकाने वाटेत बदलला.”

“मुद्दाम नाही ना बदलला!”

“नाही. पण आता मुद्दाम गप्प बसलाय.”

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. बहिणीशी तिचं आयुष्यात असं बोलणं झालं नव्हतं. मग तिने पदर खोचला आणि थेट मॅनेजरची वेळ मागितली.

मॅनेजरसाहेब गोड बोलणारे गृहस्थ. त्यांनी तिला बसवलं, पाणी मागवलं, दोन्ही वाक्यं डोळ्यांपुढे धरली आणि मान हलवली. “मॅडम, मला तर दोन्ही सारखीच वाटतात. उलट आताचं व्याकरणाला धरून आहे. आमच्याकडे तिघांनी वाचलं, कुणालाच खटकलं नाही. तुम्ही फार मनाला लावून घेता.”

“साहेब, तुमच्या कागदांत मी ‘यांना बढती मिळावी’च्या जागी ‘मिळाली’ असं लिहिलं, तर तुम्ही मोठ्या खुर्चीत जाऊन बसाल का?”

साहेब मोकळेपणाने हसले. हसणं संपल्यावर म्हणाले, “त्या बाईंनी अपील केलंय ना? हेड ऑफिसचे एक निवृत्त न्यायाधीश येतायत ऐकायला. त्यांना आपली भाषा येत नाही, तेव्हा दुभाषी तुम्हीच. वर्षभराचं सगळं काम तुम्हालाच द्यायचं माझ्या मनात आहे. फक्त एक. दुभाष्याने आपलं मत मधे घालायचं नसतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.”

ती उठली. पाण्याला तिने हात लावला नव्हता. जिन्यावरून उतरताना तिला साहेबांच्या गोड बोलण्याचा जेवढा राग आला, त्याहून जास्त याचा आला की शेवटचं वाक्य त्यांनी बरोबर सांगितलं होतं. दुभाष्याने मधे बोलायचं नसतं. सगळी हयात ती त्याच नियमावर उभी होती.

अपिलाच्या खोलीत लांब टेबल होतं, त्याच्या एका अंगाला मॅनेजर, इंजिनिअर आणि फायली सांभाळत बसलेला भाचा. दुसऱ्या अंगाला निळा कोट घातलेल्या मुकादमबाई आणि त्यांच्याजवळ दुभाषीण. मधोमध न्यायाधीश, हाडकुळे, म्हातारे, समोरच्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत पापणी न हलवणारे. भाच्याने मावशीकडे एकदाही पाहिलं नाही.

मॅनेजरने इंग्रजीत पहिला प्रश्न टाकला. दुभाषिणीने तो, एक थेंबही न सांडता, मुकादमबाईंपर्यंत नेला. “व्हॉल्व्ह तपासला आहे, असं तुम्ही ठासून सांगितलं होतं, हे खरं ना?”

मुकादमबाईंनी टेबलावर असा हात मारला की पेले नाचले. “तपासला म्हणून मी कधी सांगितलं? तपासा, तपासा म्हणून घसा फोडत होते मी! सगळ्या बायका साक्षीला आहेत! याला विचारा ना, हा समोर बसलाय तो!”

इंजिनिअर समोरच्या पेल्यात काहीतरी शोधू लागला. दुभाषिणीने घसा फोडण्यासकट सगळं इंग्रजीत नेलं. तसं मॅनेजरसाहेब शांतपणे न्यायाधीशांकडे वळले. “पाहिलंत? यांनी आपला जबाब बदलला. सही केलेल्या जबाबात वेगळं, आज वेगळं. अशा व्यक्तीवर कितपत विश्वास ठेवायचा, ते आपण ठरवावं.”

आता हेही मुकादमबाईंना त्यांच्या भाषेत सांगायचं होतं. की बाई, तुम्ही खोट्या आहात. तुम्ही खरं बोललात म्हणून खोट्या ठरलात. दुभाषिणीने तोंड उघडलं आणि ते वाक्य तिच्या तोंडून निघेना. आयुष्यात पहिल्यांदा वाक्य अडलं. तिने हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

“महाशय,” ती न्यायाधीशांना इंग्रजीत म्हणाली, “आतापर्यंत मी इतरांचं बोलले. आता मला माझं बोलू द्या.”

“हे नियमात बसत नाही,” मॅनेजर ताबडतोब म्हणाले.

“नाही बसत,” ती म्हणाली. “यानंतर मला काम देऊ नका.”

न्यायाधीशांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. “थोडक्यात बोला.”

तिने आपली प्रत पुढे सरकवली. “जबाब मी लिहिला. मी ‘बी चेक्ड’ लिहिलं होतं. दप्तरी लागला तेव्हा तो ‘वॉज चेक्ड’ झाला होता. हे साहेब मला म्हणाले, अर्थ एकच.”

“एकच आहे,” मॅनेजर म्हणाले. “हल्ली कितीतरी लोक तसंच लिहितात. उगाच कीस काढायचा म्हणजे...”

“एकच आहे ना?” दुभाषीण गर्रकन त्यांच्याकडे वळली. आता तिच्या आवाजाला धार आली होती. “मग माझ्या अर्थाने वाचा. बाईंनी व्हॉल्व्ह तपासायला सांगितलं, असं वाचा. आणि त्यांना आत्ताच्या आत्ता कामावर घ्या. घेता? का नाही घेत? एकच अर्थ आहे तर त्यांना काढलंत कशाच्या जोरावर?”

मॅनेजर समोरची फाइल चाळू लागले. खोलीचं दार सताड उघडं होतं, बाहेर शिपाई स्टुलावर बसला होता. दुभाषीण पुन्हा न्यायाधीशांकडे वळली. “आय इन्सिस्ट दॅट द डोअर बी शट.”

न्यायाधीशांनी नकळत शिपायाकडे बघून हाताने खूण केली. तो उठून दार लोटायला आला.

“थांबा, लावू नका,” ती त्याला म्हणाली, आणि मग इंग्रजीत, “आय इन्सिस्ट दॅट द डोअर इज शट.”

न्यायाधीशांनी दाराकडे पाहिलं. “पण ते तर उघडं आहे, बाई.”

“म्हणजे मी खोटं बोलतेय. पहिल्या वेळी मी दार लावा म्हणत होते. दुसऱ्या वेळी मी खोटारडी झाले. या बाईंचं नेमकं हेच झालं, आणि एका पोरीचा हात भाजल्याचा दोष यांच्या माथी आला.”

न्यायाधीशांच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. हसू नव्हतं ते. त्यांनी दोन्ही कागद जवळ ओढून घेतले. इंग्रजी ही त्यांची जन्माची भाषा. त्यांना समजावायची गरज नव्हती. “हा बदल कुणी केला?”

“टायपिंगची चूक असणार,” मॅनेजर घाईने म्हणाले.

“टायपिंगची नाही,” दुभाषीण म्हणाली. “कुणीतरी वाचून, विचार करून केलेली दुरुस्ती आहे. कुणी, ते मला माहीत आहे. पण ज्याने केली त्याने सांगावं.”

ती भाच्याकडे पाहत नव्हती. बघितलं तर आपणच नाव घेऊन टाकू, आणि घेतलं तर बहीण कायमची तुटेल, हे तिला ठाऊक होतं. आणि तरीही, आणखी थोडा वेळ गेला तर आपण ते घेणार, हेही.

खुर्ची सरकली.

“मी केली,” भाचा उभा राहून म्हणाला. “मला ते चुकीचं इंग्रजी वाटलं. मुद्दाम नाही केलं. पण नंतर कळलं. कळल्यावर त्याच दिवशी मी साहेबांना जाऊन सांगितलं.” त्याने मॅनेजरांकडे बोट केलं नाही, नुसती मान वळवली. “ते म्हणाले, आहे तसं राहू दे. म्हणून मी गप्प बसलो.”

दुभाषिणीने आता त्याच्याकडे पाहिलं. त्याने सांगितलं होतं, हे तिला माहीत नव्हतं. तिला वाटलं होतं तेवढा तो पळपुटा नव्हता. पण साहेबाने डोळे वटारल्यावर जीभ गिळून बसला, तो बसलाच होता. तिचा राग निम्मा उतरला. उरलेला निम्मा मॅनेजरांच्या वाट्याला गेला, आणि त्यांना तो पुरून उरला.

“हे खरं आहे?” न्यायाधीशांनी विचारलं.

मॅनेजरसाहेब बरंच बोलले. कामाचा ताण, गैरसमज, तरुण माणसाची घाबरगुंडी. दुभाषिणीने पेन उचललं आणि त्यातला शब्दन् शब्द मुकादमबाईंना सांगितला. त्या ऐकत होत्या आणि त्यांच्या कपाळावरची शीर ताडताड उडत होती.

निकाल लागला तो असा. मुकादमबाई परत कामावर. इंजिनिअरला घरी बसवलं. पोरीच्या हाताचा सगळा इलाज कंपनीने करायचा. ती बरी होतेय, बोटं हलतात, पण मूठ अजून पूर्ण वळत नाही. तिचा बाप एकदा मुकादमबाईंच्या दारात आला, मान खाली घालून उभा राहिला आणि काही न बोलताच गेला. मॅनेजरसाहेबांची बदली झाली. दुसरीकडच्या, याहून मोठ्या कारखान्यात. भाच्याने राजीनामा दिला, म्हणजे त्याच्याकडून तो घेतला. आता तो एका वकिलाच्या हाताखाली काम करतो. मावशीकडे येतो, इंग्रजीच्या गोष्टी विचारतो. त्याची आई मात्र मावशीशी अजून बोलत नाही.

आणि दुभाषिणीच्या हाती एक दिवस नवा, सुधारलेला अहवाल पडला. मुकादमबाई निर्दोष असल्याचं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. पुढे कारण होतं. ‘भाषांतरातील त्रुटीमुळे झालेला गैरसमज.’

भाषांतरातील! तिने ते वाचलं आणि घरात एकटीच मोठ्याने ओरडली. बदल यांनी करायचा, झाकायचा यांनी, आणि खापर फोडायचं ते ज्या बाईने बरोबर लिहिलं तिच्या डोक्यावर. तिने लगोलग कंपनीला कळवलं की हे वाक्य काढून टाकण्यात यावं. उत्तर आलं की अहवाल आता अंतिम आहे. तिने पुन्हा कळवलं. या वेळी उत्तरच आलं नाही.

शेवटी ती कारखान्यात मुकादमबाईंना भेटायला गेली. रोलर चालू होता, नवा व्हॉल्व्ह चकचकत होता, चादरी एका टोकाने ओल्या आत जाऊन दुसऱ्या टोकाने कडक होऊन बाहेर येत होत्या. मुकादमबाईंनी तिचं म्हणणं ऐकलं आणि कोरडं हसल्या.

“आता कळलं ना, आपल्या तोंडी भलतंच घातलं की कसं वाटतं?”

“कळलं,” दुभाषीण म्हणाली.

“मला एक सांगा, बाई. तुम्ही लढलात, मी विसरणार नाही. पण तुमचं ते बी आणि वॉज नंतरचं. त्या सकाळी मी इंजिनिअरला सांगितलं ते आपल्याच भाषेत ना? त्याचीही तीच भाषा, साहेबाचीही तीच. तपासा म्हटलं मी. यात कुणाला काय कळलं नाही? तेव्हा ऐकलं असतं तर तुमचं इंग्रजी लागलंच नसतं कुणाला.”

एवढ्या दिवसांत दुभाषिणीने त्या एका शब्दाचा जेवढा विचार केला होता, त्याच्या एक चतुर्थांशही या प्रश्नाचा केला नव्हता. त्याचा तिला राग आला, आणि हा राग कुणावर काढायचा ते कळेना.

मुकादमबाईंनी घडी घालणाऱ्या बायकांना हाताने इशारा केला, चादरींच्या गाडीवरचा एक ढीग बाजूला सारून तिला बसायला जागा केली आणि स्वतः शेजारी उभ्या राहिल्या.

“कागद आहे ना जवळ? मग लिहा आता. चूक भाषांतराची नव्हती, म्हणावं. चूक कुणाची होती तेही लिहा, आणि त्या सकाळी मी काय सांगितलं ते सगळं लिहा. सही मी करते, या सगळ्याजणी करतील. आधी आपल्या भाषेत लिहा. मग त्याचं काय करायचं ते इंग्रजी करा.”

दुभाषिणीने पर्समधून पेन काढलं. “सांगा,” ती म्हणाली.